कापलं ते जाड

शबानाआपाचं नाव आधी लिहिते. लेख अण्णांवर आहे, पण आपा नसती तर अण्णा मला भेटले नसते, आणि एका दुपारी आपा ठेकेदाराशी खोटं बोलली नसती तर आज अण्णांबद्दल काय लिहावं लागलं असतं, याचा विचारसुद्धा नको वाटतो. नवी पेठेच्या मागल्या अंगाला एका गल्लीत तिचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि मधोमध ते लांबलचक मशीन, ज्यातून घरांचे, दुकानांचे मोठाले नकाशे सरसरत बाहेर पडतात. आमचं ऑफिस त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. दुकान उघडं असताना आपा गल्ला सोडून हलत नाही, चहासुद्धा तिथंच मागवते. म्हणून त्या दिवशी भर दुपारी ती आमच्या दारात उभी दिसली, तेव्हा ती काही बोलायच्या आधीच मी खुर्चीतून उठले. पहिला विचार आला तो आईचा. गावाकडून माझा फोन लागला नसेल, म्हणून कुणी आपाच्या नंबरवर… आपानं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. "तेरे गावका कुछ नै," ती म्हणाली. "अण्णाका है. बैठ पैले."

अण्णा म्हणजे सिद्राम बिराजदार. आमच्या आर्किटेक्ट साहेबांकडे आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढत आलेले ड्राफ्ट्समन. त्या सकाळी घरी चहा घेऊन खुर्चीत टेकले ते उठलेच नाहीत. आता महिना उलटून गेला. आईचं काही नाही हे ऐकून मला आधी क्षणभर बरं वाटलं होतं, आणि मग अण्णा हा शब्द आत उतरला… त्या दोन गोष्टी एकामागोमाग एक अशा आल्या की अजून मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

अण्णा लिंगायत; त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात हे मला माहीत नव्हतं. मी देवगडकडची, खाडीकाठच्या गावातली. लग्न करून सोलापुरात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण अशा वेळी माणूस किती परका असतो ते कळतं. अण्णांना फुलांच्या आसनात बसवून नेलं, डोळे मिटलेले, जणू काही साहेब कुणाशी फोनवर बोलतायत आणि अण्णा ते संपायची वाट बघतायत. आपा माझा हात धरून होती. आम्ही दोघी मागे, बाभळीपाशी उभ्या राहिलो. खड्डा खोल होता आणि त्याच्या एका अंगाला आत कोनाडा खोदलेला होता. मला ते बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. काळी माती वरून सरळ खाली कापत नेलेली, कड अगदी धारदार. आणि त्या भीतीत, सगळे मंत्र म्हणत असताना, माझ्या मनात काय यावं? कापलं ते जाड. ही कड अण्णांनी सगळ्यात जाड पेनानं काढली असती.

हे वाक्य अण्णांचंच. माझ्यासारख्या नववीतून शाळा सुटलेल्या मुलीला त्यांनी दिलेला तो पहिला धडा. शाळा खाडीपलीकडे होती, बाबांचं आजारपण निघालं, मी थोरली, आणि मग कोण जातंय तरीच्या होडीतून रोज. सोलापुरात आले तेव्हा नवरा टॉवेलच्या कारखान्यात लागलेला आणि मी खोलीत एकटी. मला सगळ्याचीच भीती वाटायची. इथल्या उन्हाची वाटायची. इथली माणसं बोलायला लागली की मला वाटायचं, भांडण चाललंय. नंतर कळायचं, जेवण झालं का विचारतायत. शेजारणीनं आपाच्या दुकानात चिकटवून दिलं. कागद कापायचे, घड्या घालायच्या, रबर लावून ठेवायचे. एवढंच काम. आपा पहिल्याच दिवशी म्हणाली, "डरती कायकू? मशीन काटती नै." मी म्हटलं, आपा, मशीन नाही काटत, पण कागद वाकडा गेला तर गिऱ्हाईक काटेल. ती हसून हसून खोकायला लागली.

अण्णा नकाशे न्यायला खाली यायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेनांची रांग, कपाळाला विभूती. एकदा मी एक कागद बाजूला काढून ठेवला होता. त्यांनी विचारलं, "ह्यो का गं वेगळा?" मला काय सांगावं कळेना. कागदात काही फाटलं नव्हतं की सांडलं नव्हतं. मी घाबरत म्हटलं, "हा मेल्यासारखा दिसतोय. कुठं बघायचं तेच कळत नाही." अण्णांनी तो उचलला, दाराच्या उजेडात धरला. मशीनची सेटिंग बदलली होती आणि सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आल्या होत्या. भिंत, पायरी, फरशी, सगळं एकसारखं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कोकणी, वर ये उद्या."

साहेब नाखूश होते. नववी शिकलेली मुलगी, त्यात संगणकाला कधी हात लावलेला नाही. अण्णा म्हणाले, "हिला भ्या वाटतंय साहेब. आपल्या धंद्यात लई कामाची वस्तू हाय ती." मला तेव्हा ती चेष्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक डाळिंब काढलं आणि आडवं कापलं. "बघ. ह्यो प्लॅन." मी बघतच राहिले. "घर असंच कापायचं. छातीएवढ्या उंचीवर सुरी फिरवायची, वरचं झाकण काढून ठिवायचं, आन् वरनं खाली बघायचं. सुरी जिच्यातनं गेली ती भिंत. ह्ये सालपट. ती सगळ्यात जाड. ह्ये मधले पडदे, ते जरा कमी. आन् दाणे नुसते दिसत्यात, त्यास्नी सुरी लागली न्हाय, ते बारीक. फरशी, पायरी, ओटा… समदे दाणे. आन् जे पाडायचं हाय ते बारीक, आन् तुटक. तुटक म्हंजी, आज हाय, उद्या न्हाय." मग म्हणाले, "कापलं ते जाड. एवढं ध्यानात ठेव. साइटवरचा गवंडी तुझं अक्षर वाचत न्हाय, रेष वाचतोय. जाड दिसली की हात राखतोय." आणि ते डाळिंब आम्ही दोघांनी खाल्लं. पुढे कितीतरी दिवस मला डाळिंब सोलताना घर उघडल्यासारखं वाटायचं.

अण्णांनी कागदावर शाईच्या पेनांनी काम केलेलं होतं. टोकाच्या जाडीवर पेनाचा नंबर. चुकलं की ब्लेडनं शाई खरवडायची. मग संगणक आला, तेव्हा रंग म्हणजे पेन झालं: पडद्यावर लाल काढली की कागदावर बारीक, पिवळी काढली की जाड. ते त्यांनी पचवलं. मी आले तेव्हा ऑफिसात आणखी नवं सॉफ्टवेअर येत होतं. त्यात रेषा काढायचीच नाही. भिंत उभी करायची, खरीखुरी, उंचीसकट, छतासकट. कुठं कापायचं ते सांगितलं की रेषा ते आपणच काढतं. अण्णा वैतागले. "रेष त्यानं काढायची आन् शिव्या आमी खायच्या!" पण वैतागून गप्प बसणारे ते नव्हते. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक तक्ता असतो: कोणती वस्तू, कोणत्या मापाच्या नकाशात, किती जाड. अण्णांनी तो तक्ता बसवण्यात सगळा उन्हाळा घालवला. छापायचे, भिंतीला टाचायचे, लांब जाऊन डोळे अर्धे मिटून बघायचे. "डोळं बारीक केलं तरी जे दिसतंय, ते घर उभं धरणारं असलं पायजे. बाकीचं इरघळून गेलं पायजे." मनासारखं झालं तेव्हा तो तक्ता ऑफिसच्या साच्यात गेला. साचा म्हणजे जिच्यातून प्रत्येक नवं काम सुरू होतं ती कोरी फाइल. ऑफिसात नियम होता: साच्याला हात लावायचा तो अण्णांनीच.

मी शिकले, पण भीती गेली नाही. एक नकाशा पाठवायचा म्हणजे मी दहादा उघडून बघायची. खिडकीचं माप, दाराचं तोंड, नावातली वेलांटी, सगळ्याची भीती सारखीच. एकदा अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुझी समदी भीती एकाच पेनानं काढलीया बघ. फरशीला बी तेवढीच, भिंतीला बी तेवढीच. मग दमशील की गं. भ्यायचं, पर कापलेल्या जागंला भ्यायचं." मी म्हटलं, अण्णा, कापलेली जागा कुठली ते आयुष्यात कुठं दिसतं? ते म्हणाले, "त्येला माझ्याकडं तक्ता न्हाय." आणि चहा आणायला मलाच पाठवलं.

मागच्या दिवाळीनंतर काहीतरी बदललं. अण्णांना साखरेचा त्रास जुनाच. चष्मा बदलला, मग पुन्हा बदलला. टेबलावर दिवसासुद्धा दिवा लागायला लागला. पडद्याला नाक लावून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "म्हातारा झालो, आनि काय." आणि खाली मशीनमधून कागद येताना मला वाटायला लागलं की नकाशे काळे होतायत. फरशीच्या रेषा भिंतींएवढ्या मोठ्यानं बोलायला लागल्या. आधी मी आपाला म्हटलं, मशीनची शाई जास्त पडतेय. ती भडकली. "मेरी मशीनकू कुछ नै हुआ! देख." तिनं मागल्या वर्षीची एक जुनी फाइल काढून छापली. कागद बाहेर आला… स्वच्छ. भिंती जाड, दाणे बारीक, डोळे मिटले तरी घर उभं. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मशीन बरोबर होतं, मग साच्यातच काहीतरी झालं होतं. आणि साच्याला हात एकाच माणसाचा लागत होता.

मी कुणाला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, अण्णांनी काही विचार करूनच केलं असेल. मी कोण त्यांना विचारणार?

मग त्या मंगल कार्यालयाचं काम आलं. होटगी रोडच्या बाजूला एक जुनं कार्यालय. मालकाला जेवणाचा हॉल मोठा करून हवा होता, लग्नसराईच्या आत. मध्ये दोन भिंती होत्या. एक नंतर घातलेली, साधा आडोसा, ती पाडायची. दुसरी जुनी, जिच्यावर वरचा स्लॅब आणि स्लॅबवर पाण्याची टाकी. ती ठेवायची. नकाशा अण्णांनी काढला. मल्लू म्हणून ठेकेदार होता, बोलका, तंबाखू मळत सगळ्यांची टिंगल करणारा. तो आपाच्या दुकानात कागद न्यायला येऊन उभा. "आपा, माणसं साइटवर बसवून आलोय, लवकर काढ. तुझी मशीन म्हंजी नवी नवरी झाली, बाहेरच यीना."

कागद आला. मी तो उचलला आणि माझी बोटं त्याला चिकटून राहिली. दोन्ही भिंती सारख्या. पाडायच्या भिंतीची तुटक रेष इतकी जाड झाली होती की तिच्यातल्या फटी बुजून गेल्या होत्या. ठेवायची तीही काळी, पाडायची तीही काळी. अगदी जवळ नेऊन बघितलं तर कळत होतं, पण साइटवर उन्हात, धुळीनं भरलेल्या हातात, कोण जवळ नेऊन बघतो? साहेबांना फोन करावा, तर अण्णा गेले कामावरून. या वयात, असे डोळे घेऊन. नाही करावा, तर… पुढचं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. टाकी, स्लॅब, खाली घण घेतलेली माणसं. आणि मल्लू हात पुढे करून उभा.

आपानं माझ्याकडे बघितलं. तिला नकाशातलं काही कळत नाही, ती स्वतः सांगते. तिनं एवढंच विचारलं, हळूच, "देनेका कि नै देनेका?" मी मान हलवली. नको. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्या हातातला कागद घेतला, चुरगाळला, पायानं मशीनची पिन उपटली आणि मल्लूला म्हणाली, "मशीन गया. आज नै होता."

"अगं, आत्ता तर कागद निघाला की!"

"वो खराब निकला. हेड गया उसका."

"मग फाइल दे, दुसरीकडं काढतो."

"फाइल बी अटक्या अंदर."

"आपा, तुझी मशीन न्हाय, तुझी नियत बिघडलीया. माझी माणसं फुकट बसल्यात तितं." तो बराच वेळ बडबडला. शेवटी म्हणाला, पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. "नको चढू," आपा मराठीत म्हणाली. तो खरंच पुन्हा चढला नाही. त्याची सगळी कामं दुसऱ्या दुकानात गेली. आपानं मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. त्या वेळी फक्त म्हणाली, "जा ऊपर. जो बोलनेका है, बोल."

वर साहेब नव्हते. अण्णा डबा उघडून बसले होते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, साच्यात बारीक रेष कुणीतरी वाढवलीये."

"कुणी वाढवंल? मीच वाढवली. छपाई फिकी यीत हुती."

"छपाई फिकी नव्हती."

"मग मी खोटं बोलतोय व्हय?"

त्यांचा आवाज कधी माझ्यावर चढला नव्हता. मी रडायच्या बेतात होते, पण हातातला दुसरा कागद, आपानं पिन उपटायच्या आधी निघालेली त्याच नकाशाची जोडप्रत, मी त्यांच्यापुढे पसरला. "यातली पाडायची कुठली?" त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. बोट बरोबर त्या भिंतीवर ठेवलं. "ही. मी काढलीया, मला पाठ हाय."

"मल्लूला पाठ नाहीये, अण्णा."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मी तो चेहरा विसरणार नाही. मी आयुष्यभर भीती बघितलीये, माझी स्वतःची, आरशात. पण दुसऱ्याच्या तोंडावर अशी कधी बघितली नव्हती. "मला बारकी रेष दिसंना झालीया गं," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं. जाड तेवढी दिसती. म्हटलं, उलीशी वाढवावी, कुणाला काय कळतंय… पुना दिसंना, पुना वाढवली." थोडं थांबून म्हणाले, "कामावरनं काढत्याल म्हणून भ्यालो. चुकीच्या जागंला भ्यालो बघ. भिंतीला भ्यायचं इसरलो."

मी म्हटलं, मी साचा नीट करते गुपचूप, तुमचे नकाशे मी बघत जाईन, साहेबांना सांगायची काही गरज नाही. ते ऐकतच नव्हते. एकदम उभे राहिले. "पयला कागद गेलाय तितं. गेल्या आठवड्यात, मालकाला दाखवायला दिल्ता. त्यो बी ह्याच साच्यातनं निघालाय."

आम्ही तसेच रिक्षात बसलो. मी मनातल्या मनात गावच्या देवाला हाका मारत होते. साइटवर पोचलो तर मल्लूची माणसं सावलीला बसून शेंगा खात होती. सावली त्या जुन्या भिंतीचीच होती. तिलाच पाठ टेकून बसली होती सगळी, घण शेजारी ठेवून. आणि त्यांच्या डोक्यांच्या वर, भिंतीवर, गेरूची मोठी फुली मारलेली होती.

मल्लू उठला. "आलात व्हय अण्णा! कागद आणला का? न्हायतर आमी पयल्या कागदावरच सुरू करनार हुतो आता."

"कुठली पाडणार?"

"ही की." त्यानं भिंतीवर थाप मारली. "तुमच्याच कागदात हाय."

अण्णांनी हात वर करून टाकीकडे बोट दाखवलं. मल्लूनं वर बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, मग बसलेल्या माणसांकडे… त्याच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. माणसं एकेक करून उठली आणि लांब जाऊन उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल पिंपात भिजवला आणि ती फुली स्वतःच्या हातानं पुसायला लागले. गेरू पसरत गेला, शर्टावर ओघळला. पुसता पुसता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कागद चुकलाय. मी चुकवलाय. ह्या पोरीनं धरला." मी माती बघत उभी होते.

संध्याकाळी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. मी दाराबाहेर होते. आरडाओरड होईल असं वाटलं होतं, पण आतून काहीच आवाज येईना आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मग साहेब म्हणाले, "अण्णा, तुम्ही मला दिवाळीत सांगितलं असतंत तर…" साचा अण्णांकडून काढून माझ्याकडे आला. अण्णांनी घरी बसावं असं ठरलं, आणि दोनच दिवसांनी ते पुन्हा ऑफिसात हजर. पगारावर नाही. स्टुल ओढून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "वाच."

"काय वाचू?"

"भिंती. उत्तरंकडनं सुरू कर. एकेक भिंत मोठ्यानं वाच. जाड का बारीक, सबंध का तुटक, खाली काय, वर काय."

मग तसंच होत गेलं. मी पोथी वाचावी तसा नकाशा वाचायची आणि अण्णा डोळे मिटून ऐकायचे. आता मिटण्याची गरजही फारशी उरली नव्हती. मध्येच "थांब" म्हणायचे. "वरचं बीम कुटं संपतंय?" मी बघायची, आणि कितीदा तरी ते तिथं नसायचंच, मी नजरेनं ओलांडून गेलेली असायची. त्यांना दिसत नव्हतं आणि मला दिसून कळत नव्हतं. कधी कधी ते माझ्या खांद्याला हात लावून बघायचे की मी शेजारी आहे ना. त्यांना अंधाराची भीती वाटायला लागली होती हे मला त्या हातावरून कळायचं. मग मी नुसती जरा मोठ्यानं वाचायची.

शेवटचे आले ते एका शनिवारी. एका छोट्या दवाखान्याचा नकाशा होता. वाचून झाला, एकही चूक निघाली नाही. ते खूश झाले, आणि मला उलट रडू आलं. विचारलं, "अण्णा, तुमच्या माघारी कोण ऐकणार?" ते म्हणाले, "कोन बी. नकाशा कळला न्हाय तरी चालतंय. ऐकणारं माणूस समोर असलं की वाचणारं नीट बघतंय." मग जिना उतरताना, भिंतीला हात लावत, खालून ओरडले, "कोकणी, पंखा बंद कर जाताना!" तेवढंच. सोमवारी आपा दारात.

ते गेल्यानंतरचा पहिला नकाशा माझ्याकडून छापायला जाईना. सगळं तपासलं होतं. पुन्हा तपासलं. बटणावर बोट जायचं आणि मागे यायचं. कुठंतरी एखादी भिंत मी ओलांडून गेलेय, आणि तिच्या सावलीला आत्ता कुणीतरी बसलंय, असं वाटायचं. शेवटी लॅपटॉप उचलला आणि खाली गेले. गिऱ्हाइकांची गर्दी होती. आपानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, थोडा वेळ लागेल, बसा. स्टुल माझ्याकडे सरकवलं. "बोल. सुनती मैं."

मी उत्तरेकडून सुरू केलं. भिंत, जाड, सबंध, ठेवायची. भिंत, बारीक, तुटक, पाडायची. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत होती. आपा गल्ल्यावर हात ठेवून, दर भिंतीला "हौ… आगे" म्हणत होती. एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. "इसके ऊपर क्या है?" मी बघितलं. वर माळा होता. डोक्यावरची वस्तूही तुटकच काढतात, आणि माळ्याची ती तुटक रेष मी दाखवायलाच विसरले होते. मी मान वर केली तेव्हा आपा म्हणाली, "मैं तो ऐसेच पूछी." आणि क्षणभर मला अण्णांच्या शर्टाचा, विभूतीचा वास आल्यासारखं झालं. तेव्हापासून एकही कागद आपाला वाचून दाखवल्याशिवाय या इमारतीबाहेर गेलेला नाही. साहेब वरून ऐकतात, काही म्हणत नाहीत.

भीती कमी झालेली नाही. झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आता विचारायला कुणी नाही, आणि साच्यावर हात माझा आहे. गावाकडून फोन वाजला की अजून पहिला विचार आईचाच येतो. पण आपाची एक भीती मला अलीकडे कळली. तिचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि ती पुढं ढकलतेय, कारण भूल द्यायला आत नेतात तेव्हा बाहेर बाकावर बसणारं तिचं इथं कुणी नाही. मुलगा आखातात, बहीण गुलबर्ग्याला अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, मी बसेन. ती हसली. "तू? तू तो सुई देखके भागती."

खरं आहे. बाबांच्या वेळी मी दवाखान्याच्या आत गेलेच नव्हते, फाटकापाशीच थांबले होते. पण आपा, तू हे छापून आल्यावर गल्ल्यावर बसून वाचशील, म्हणून सगळ्यांसमोर लिहून ठेवते. तू ज्या दिवशी हो म्हणशील त्या दिवशी, मग तो उद्या असो की आणखी वर्षानं, त्या दाराबाहेरच्या बाकावर मी बसलेली असेन. थरथरत असेन, पण असेन. आणि तुला आत नेईपर्यंत तुझा हात सोडणार नाही.